बंदच्या दिवशीचा गूळ

आमच्या नाल्यावरून वार ओळखता यायचा.
सोमवारी मोरपंखी, मंगळवारी लाल,
ऑर्डर मोठी असली की आठवडाभर काळाच.
घरकुलातली पोरं पुलावर वाकून पैज लावायची,
उद्या कुठला?
मी सांगत नसे. पण मला माहीत असे.

तीस वर्षं एकाच गोष्टीचा गर्व केला:
टॉवेल शंभरदा धुवा,
उन्हात टाका, सोड्यात उकळा,
रंग हलणार नाही.
नायना भट्टीपुढं उभे राहून तेलुगूतच शिकवायचे,
बोट बुडवून, जिभेला लावून:
मीठ कमी, अजून दोन मुठी.
त्यांची नखं निळी होती. गेले तेव्हाही निळी.
त्या पाण्याचं पुढं काय होतं
हे त्यांनी शिकवलं नाही, मीही विचारलं नाही.
पाणी भिंतीतल्या भोकातून जायचं,
आणि भोकापलीकडं आमचं घर नव्हतं.

म्याकलांची अनुपमा आली ती चपला हातात घेऊन.
शिकलेली पोरगी, थेट नाल्यात उतरली,
जिथं आमचा पाइप सुटतो तिथला गाळ
चमच्यानं बरणीत भरू लागली.
म्हटलं, अगं, वरच्या अंगाचा घे, तो जरा बरा आहे.
म्हणाली, बरा नको, मामा.
इथं जे जगलंय
ते तुमचा रंग खाऊन जगलंय.

इरण्णा वॉचमन हसला. मी हसलो नाही.
इतकी वर्षं कोणीतरी आमच्या पाइपखाली
तोंड लावून बसलं होतं,
न दिसणारं, न बोलावलेलं,
आणि मरता मरता शिकलं होतं
जे सोड्याला सुटत नाही ते कसं सोडवायचं.

बरणी मीटरच्या खोलीत ठेवली. झाकण घट्ट.
पहिल्या दिवशी लाल.
दुसऱ्या दिवशी लाल; इरण्णा म्हणाला, बघा.
मग विटकरी, मग चहासारखं,
पाचव्या दिवशी बरणीआडून भिंतीवरचं कॅलेंडर
तारखांसकट वाचता आलं.
माझा पक्का रंग.
बरं वाटलं, आणि अपमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

म्हटलं, झालं की मग.
म्हणाली, रंग गेलाय. विष अजून आहे.
रंग तुटला की तुकडे उरतात, ते दिसत नाहीत,
दिसत नाहीत म्हणून जास्त वाईट.
आता ह्यांना हवा द्यायची. मग कर्दळ, मग वाळा.
घाई करायची नाही.

मागं तीन हौद बांधले.
पहिला झाकलेला, दुसऱ्यात बुडबुडे,
तिसऱ्यात खडी, खडीत कर्दळ.
मार्चमध्ये नव्या पोरानं ब्लीचचं पिंप
चुकून त्याच मोरीत ओतलं.
सगळं मेलं. चार दिवस
हौदाजवळ उभं राहवेना.
अनुपमा काठावर बसून राहिली, काही बोलली नाही.
मग चपला काढल्या,
पुन्हा तोच नाला, तोच चमचा.

आता मला त्यांच्या सवयी कळल्यात.
फार मीठ चालत नाही. थंडीत आळसावतात.
उपाशी तर मुळीच ठेवता येत नाहीत,
आणि इथंच माझी सुट्टी गेली.
माग बंद, भट्टी बंद,
सगळी गल्ली गड्ड्यावर पाळण्यात बसायला गेलेली,
मी सायकलला गुळाची ढेप बांधून निघतो.
कोपऱ्यावर कोणीतरी विचारतंच,
कुठं चाललाय ओ, आज बंद हाय की.
म्हणतो, जनावरांना खायला घालायला.
तुमच्याकडं कुठली जनावरं?
हातानं आकार दाखवावा म्हणतो,
पण काय दाखवणार.

कोमट पाण्यात गूळ विरघळतो.
मी बोट बुडवतो, जिभेला लावतो.
अजून एक मूठ.
ओतताना नखांकडं लक्ष जातं.
निळीच आहेत. ती काही निघायची नाहीत.

नाला अजून काळा आहे; वर अकरा भट्ट्या आहेत,
पोरांच्या पैजा चालूच आहेत.
परवा एक पोरगं आमच्या भोकापाशी
वाकून बराच वेळ पाण्यात बघत होतं,
मग काळजीनं ओरडलं,
मामा, तुमचं बंद पडलं काय?